पांढरी पाचच्या जरा वर

चौतीस वर्षं पोलोग्राउंडच्या ऑफिसात
मी पन्नास सायकलची राखण केली.
एकोणपन्नासवर घसरली की जबलपूरला फोन,
एक्कावन्नवर चढली की जबलपूरचा फोन.
आता फंडाच्या पैशातून घेतलेल्या स्पीकरांत
तीच येऊन बसली आहे,
माझ्यासारखीच:
काम काही नाही, पण दिवसभर घरात.

बाईंचा तंबोरा पांढरी पाचात,
ही गुणगुण तिच्या जरा वर,
सेकंदाला दोन हेलकावे.
सुहासिनी म्हणते, मला नाही बाई ऐकू येत.
मला मात्र ऐकू न येऊ देणं
नोकरीत कोणी शिकवलंच नाही.

जावई रॉटरडॅमहून सांगतात, बाबा, केबल बदला.
सोबत फोटो: मखमलीच्या डबीत चांदीची जोडी,
अठ्ठावीस हजार.
याहून कमी पैशात आम्ही मुलीला पाटल्या केल्या होत्या,
आणि त्या अडीनडीला मोडता तरी येतात.

महाराणी रोडवर मुर्तुझाभाई विचारतात,
‘क्या बजाना है, साब?’
म्हटलं, बजाना कुछ नहीं,
जो बज रहा है वो बंद करना है.
ते चष्म्यावरून बघतात, मग रिळावरून
काळी, बोटभर जाड केबल ओढतात.
‘ये गरबेवाले ले जाते हैं.
ऊपर से जनरेटर की ट्रॉली निकल जाती है,
फिर भी गाती है.’
पंचावन्न रुपये मीटर.

चाकूनं साल काढून दाखवतात:
तांब्याची जाळी, आत सुताचा पीळ,
पिळाला धरून दोन तारा, लाल आणि पांढरी.
निरोप एकच, पण
लालला सांगायचा जसाच्या तसा,
पांढरीला उलटा करून.
वाटेत फ्रिज, ट्यूबलाइट, शेजाऱ्यांचा पंप
जे काय चिकटवतील ते दोघींना सारखंच.
पोचल्यावर पांढरीला सुलट करायचं:
निरोप दुप्पट,
आणि वाटेतलं सगळं एकमेकांत मेलं.

हे मला ठाऊक होतं.
फीडर पडला की मी दोन माणसं पाठवायचो,
एक युनियनचा घीसालाल, एक साहेबांचा मर्जीतला.
दोघांच्या रिपोर्टात जे अक्षरशः सारखं असे,
ते मी आधी खोडायचो.
ते टपरीवर ठरलेलं असे.

तीन मीटर केबल, दोन नर, दोन मादी,
सहाशे पंचेचाळीस. पाच रुपये त्यांनी सोडले,
मी परत ठेवले.
घरी डायनिंग टेबलावर जुना पेपर पसरून
एकवर जाळी, दोनवर लाल, तीनवर पांढरी.
हात पूर्वीसारखा राहिला नाही.
एक डाग थंड बसला, राखाडी, दाणेदार,
तो पुन्हा वितळवला
आणि चमकेपर्यंत श्वास धरून राहिलो.

मग लावलं.
बाई सुरू होण्याआधी
कुणीतरी बशीत कप ठेवला.
हा कप पंचवीस वर्षांत मी कधी ऐकला नव्हता.
मग त्यांचा श्वास. मग तंबोरा,
एकटा, न हलता.
आणि त्याच्या मागे, डाव्या कानात,
सबस्टेशनच्या यार्डातून आणलेली माझी बारीक शिट्टी.
तिला सॉकेट नाही.
तिच्यासाठी मुर्तुझाभाईंकडे
काही मिळत असेल असं वाटत नाही.

जावयांना रात्री कळवलं, बदलली.
किंमत त्यांनी विचारली नाही,
मी विषय पावसावर नेला.

पण हे नंतरचं. त्याआधी, बाई अजून षड्जावरच असताना,
स्वयंपाकघरातून आवाज आला:
‘अहो, फ्रिज बंद केलात का?
दूध आहे आत.’

म्हणजे वर्षभर.

तिनं दार उघडून बघितलं. दिवा लागला.
‘चालू आहे की,’ ती म्हणाली,
आणि दार तसंच धरून
थोडा वेळ उभी राहिली.